चौथ्या रकान्यातली सही

धर्मशिक्षणाच्या बाई वही तपासताना आधी घरच्यांची सही बघायच्या आणि मग मजकूर. सव्वीस वर्षांची सवय होती ती. सही नसेल तर पुढचं वाचायचे कष्ट तरी कशाला घ्या, असा त्यांचा रोखठोक हिशेब. बाई मनाने वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण सगळ्या जगाला सरळ रेघा मारता येतात असं ज्यांना वाटतं, त्या जातीच्या त्या होत्या.

त्या ख्रिस्ती शाळेत धर्म हा गणित-भूगोलासारखाच एक विषय होता. वेळापत्रकात तास, दप्तरात पुस्तक, सहामाहीला पेपर, आणि नापास झालं तर घरी बोलणी. दहा आज्ञा मुली पाढ्यांसारख्या घोकायच्या. कुणाला सातवी विचारली की ती पहिलीपासून पुटपुटत यायची. त्यावरून मुलींनी बाईंचं नाव ‘आज्ञाबाई’ ठेवलं होतं. बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

यंदा मात्र वरच्या कार्यालयातून पत्रक आलं. लेखी ऐंशी गुण, आचरणाचे वीस. आता आचरणाला गुण द्यायचे कसे? इतिहासाच्या बाई म्हणाल्या, “सगळ्यांना सरसकट पंधरा द्या आणि मोकळ्या व्हा.” पण आज्ञाबाई कसल्या मोकळ्या होतात. त्यांनी आठ दिवस डोकं खपवून ‘समेटाची वही’ काढली. प्रत्येक पानावर चार रकाने. मी कुणाला दुखवलं, काय केलं, त्या माणसाला कधी सांगून माफी मागितली, आणि शेवटी त्या माणसाची सही. सही नाही तर गुण नाहीत. तपासायला आलेल्या अधिकाऱ्यांनी वही उलटसुलट करून बघितली आणि इतर शाळांनीही हे सुरू करावं असं सुचवलं. बाईंचे पाय आठवडाभर जमिनीला टेकत नव्हते.

सहावीत एक मुलगी होती. तिला सगळ्या ‘पैकी’ म्हणायच्या, कारण दर पेपरात पैकीच्या पैकी. ही पोर नाकासमोर चालणारी, शाई सांडली तर कुणी विचारायच्या आत उभी राहून सांगणारी. तिने पहिल्या पानावर लिहिलं होतं की बाकावरच्या मैत्रिणीचा खोडरबर मी न विचारता वापरला. मैत्रिणीची सही होती, शेजारी फूलही काढलेलं. बाईंनी वीसपैकी पाच दिले आणि लाल शाईत शेरा मारला: ‘हे फारच किरकोळ आहे. घरात बघ. मनावर खरं ओझं असेल ते लिही.’

मधल्या सुट्टीत पैकी डोळे पुसत आली. “बाई, पाच म्हणजे नापासच की.”

“मग मोठं लिही. मोठं कबूल करायला छाती लागते.”

हे वाक्य आपल्याला छान सुचलं असं बाईंना तेव्हा वाटलं होतं.

गुरुवारी सकाळी दुसऱ्या तासाला बाई शिक्षकखोलीत वह्या तपासत बसल्या होत्या. पैकीची वही आली. चौथ्या रकान्यात निळ्या बॉलपेनची सही, एकदम सरळ आणि ठसठशीत. सही तिच्या वडिलांची. हा माणूस फरशी बसवायचा, आणि त्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. चर्चमध्ये वेदीपुढची फरशी त्याचीच. रविवारी मिस्सेच्या उपासनेत बायबलमधलं पहिलं वाचनही तोच करायचा, आणि आवाज असा की मागच्या बाकांवर पेंगणारे म्हातारेसुद्धा जागे व्हायचे. सहीखाली त्याने एक ओळ जास्तीची लिहिली होती: ‘बाई, तुमचे फार उपकार झाले.’

बाईंनी खूश होऊन वीसपैकी वीस घातले, त्याखाली दोन रेघा ओढल्या. मग वाचायला घेतलं.

‘मी पप्पांना दुखवलं. मम्मीची कपड्यांची बॅग मावशीकडे ठेवलेली आहे. गुरुवारी दुपारी मम्मी मला शाळेतून घेऊन लांब जाणार आहे, पप्पांना सोडून. पप्पांनी मला विचारलं होतं की मम्मी काही लपवते का, आणि मी नाही म्हणाले. ते खोटं होतं. बुधवारी संध्याकाळी मी पप्पांना सगळं सांगितलं. पप्पांनी रेडिओ बंद केला आणि शांतपणे ऐकलं. मला जवळ घेतलं. शहाणी माझी लेक, म्हणाले.’

बाईंनी ते दोनदा वाचलं.

या पोरीची आई शाळेचे गणवेश शिवायची. मापं घ्यायला वर्षातून दोनदा यायची आणि भर उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्या. जूनमध्ये टेप ओढताना बाही वर सरकली होती आणि बाईंना काळंनिळं दिसलं होतं. “पडलात का हो?” बाईंनी विचारलं. “हो, जिन्यात,” ती म्हणाली. आणि बाईंनी ते खरं मानलं, कारण खरं मानणं सोयीचं होतं. इतक्या सुंदर आवाजात वाचन करणारा माणूस, छे.

बाई जवळजवळ पळतच सहावीच्या वर्गापाशी गेल्या. गणिताच्या बाईंना खूण करून त्यांनी पैकीला बाहेर बोलावलं.

“मम्मी कुठेय तुझी?”

“घरी. झोपलीय.” पैकीने मान वर केली. “पप्पा म्हणाले, तिला उठवू नको, दमलीय. त्यांनीच वेणी घातली माझी.” वेणी खरंच छान घातली होती, चापूनचोपून. “बाई, वही बघितलीत?”

“रात्री काही आवाज आला का गं?”

“पप्पा फरशी ठोकत होते. स्वयंपाकघरातली एक सुटली होती म्हणाले. मला म्हणाले, कानात कापूस घाल नि झोप.”

पोरीला वर्गात पाठवून त्या मुख्याध्यापिकेच्या खोलीत शिरल्या. मोठ्या सिस्टरांनी शांतपणे सगळं ऐकलं. वही वाचली, चष्मा काढला, परत घातला.

“आपण त्यांना आधी बोलावून घेऊ या का? घरातली गोष्ट आहे, बाई. शिवाय माणूस आपल्यातला आहे.”

“सिस्टर, पोलिसांना फोन लावा.”

“पण नक्की काही झालंय का, ते तरी—”

“तुम्ही लावा फोन. मी बघून येते काय झालंय ते.”

सव्वीस वर्षांत बाईंनी सिस्टरांचं बोलणं मध्येच तोडलं नव्हतं. त्या शिपाईमामांना घेऊन मागच्या फाटकातून निघाल्या. घर दोन गल्ल्या सोडूनच होतं. दाराला बाहेरून कुलूप. बाईंनी हाका मारल्या. आतून काहीतरी घासल्याचा आवाज आला आणि थांबला. मामा साठीचे, गुडघ्यांनी अधू, पण त्यांनी इकडेतिकडे न बघता अंगणातला दगड उचलला आणि कुलपावर घातला. चौथ्या घावाला कडी उखडली. समोरच्या खिडकीचा पडदा हलला, तेवढंच. शेजारी म्हणून जे काही असतात ते मूग गिळून बसले होते, बहुधा वर्षानुवर्षं.

ती स्वयंपाकघरात पडली होती. चेहऱ्यावर एक ओरखडा नव्हता. त्या माणसाला रविवारी चर्चमध्ये बायको शेजारी बसवायची असायची, त्यामुळे चेहरा तो कधी बिघडवत नसे. त्याने तिचे हात फरशीवर पालथे ठेवून ठोकले होते. फरशीवाल्यांकडे काळा रबरी हातोडा असतो, फरशी न फुटता बसावी म्हणून. फरशी फुटली नव्हतीच. बोटं मात्र सुजून जांभळी, एकमेकांत गुंतल्यासारखी झाली होती, आणि उजव्या करंगळीचं हाड कातडीबाहेर आलं होतं. श्वास घेताना ती कुशीवर वळायला बघत होती आणि वळता येत नव्हतं. बरगड्याही गेल्या होत्या.

“पोरगी?” तिने विचारलं.

“शाळेत आहे. सुखरूप.”

“बारा वाजता येणारेय तो. तिला घेऊन. म्हणाला, दोघींना समोरासमोर बसवतो.” मग तिने बाईंकडे नीट बघितलं. “तिने का सांगितलं हो? मी तिला बजावलं होतं. शपथ घातली होती.”

बाईंना लाज वाटली, अशी की जमीन फाटून पोटात घेईल तर बरं. पण जमिनीला सवड नव्हती आणि बाईंनाही. त्यांनी आणि मामांनी मिळून तिला चादरीत उचललं. गल्लीतून नेताना ती ओरडली नाही, दातांनी चादरीचं टोक चावत राहिली. मागच्या फाटकाला लागूनच सिस्टरांचं राहतं घर होतं, तिथल्या आजाऱ्यांच्या खोलीत तिला निजवलं. रुग्णवाहिकेला यायला पाऊण तास लागणार होता. पोलिस निघाले होते, असं फोनवर तरी म्हणाले होते. मामा फाटकावर उभे राहिले आणि बाई पोरीला आणायला वर्गाकडे निघाल्या.

पैकीला त्यांनी दाराशी बोलावलं. हळू आवाजात सांगितलं, “मम्मी सिस्टरांच्या घरात आहे. तिला लागलंय. दप्तर राहू दे, माझ्याबरोबर चल.”

“काय लागलंय?”

बाई सांगणार तोवर जिन्यात पावलं वाजली. मामा मागच्या फाटकावर होते. पुढच्या फाटकाचा विचारच कुणी केला नव्हता. समोरच्या खिडकीतल्या पडद्याने मात्र आपलं काम चोख केलं होतं, त्याला खबर पोचवली होती, आणि तो बारा वाजायची वाट न बघता आला होता. अंगावर सिमेंटचे शिंतोडे, पायात कामाचे बूट, हातात तो हातोडा. त्याने बाईंना आणि पोरीला हलकेच आत ढकललं, स्वतः आत आला आणि दाराला कडी घातली. गणिताच्या बाईंनी “अहो, हा वर्ग आहे,” म्हणेपर्यंत त्याने त्यांना फळ्यावर असं आपटलं की त्या खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. पुढच्या बाकावरची एक मुलगी किंचाळली.

“गप्प बसा, बाळांनो,” तो म्हणाला. आवाज तोच, रविवारचा. “बाई, मी तुमचे आभार मानायला येणारच होतो. माझ्या घरात काय चाललंय ते मला तुमच्यामुळे कळलं. पण आता माझ्या बायकोला तुम्ही कुठे ठेवलंय?”

“मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या.

आयुष्यातलं त्यांचं हे पहिलं धडधडीत खोटं असावं, आणि ते त्यांना अजिबात जमलं नाही. कान लाल झाले, नजर खिडकीकडे गेली. ज्याला खोटं पकडायची इतकी हौस, त्याला हे काय दिसणार नाही?

“आठवी आज्ञा, बाई. खोटं बोलू नको,” तो म्हणाला आणि त्याने हातोडा त्यांच्या खांद्यावर घातला. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. बाई टेबलावर कोसळल्या. त्याने त्यांना केसांना धरून उभं केलं.

“कुठेय?”

“नाही माहीत.”

या वेळी मूठ तोंडावर आली. बाईंना रक्ताची चव लागली आणि जिभेवर दाताचा तुकडा आला. सहावीच्या चाळीस मुली बघत होत्या. कुणाची लघवी बाकाखाली ओघळत होती, कुणी शेजारणीच्या मानेत तोंड खुपसलं होतं. बाईंना आश्चर्य वाटलं ते एकाच गोष्टीचं, की आपल्याला या माणसाचा इतका संताप कसा येतोय. दुसरा गाल पुढे करण्यावर त्यांनी दरवर्षी दोन तास घेतले होते. आता हाताला लागलं असतं ते त्यांनी त्याच्या डोळ्यात खुपसलं असतं. टेबलावरचा, फळ्यावर वर्तुळं काढायचा टोकदार लाकडी कंपास त्यांनी उचललाही. त्याने तो मनगटासकट पिरगाळला आणि टेबलाच्या कडेवर त्यांचा हात दाबून धरून हातोडा उगारला.

“तुमच्या बाई खोटं बोलतायत,” तो मुलींना म्हणाला. “तुम्हाला शिकवलंय ना, खोटं बोलायचं नाही? कोण सांगतंय मला?”

“मी सांगते, पप्पा.”

पैकी उभी होती. ही पोर. शाई सांडली तर आपण होऊन सांगणारी. आत्ताच, दोन मिनिटांपूर्वी, आपणच हिच्या कानात सांगितलं. बाईंनी जोर लावून मान हलवली, नको, नको, पण पोर त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती बापाकडे बघत होती.

“मम्मी बसस्टँडवर गेलीय. मावशी आलीय तिथे बॅग घेऊन. साडेबाराची गाडी आहे. मी शाळेतून पळून तिकडे यायचंय, असं ठरलंय.”

“कुठल्या गाडीने?”

“लांबच्या. तिकीटखिडकीच्या मागच्या बाकावर बसणार आहेत. मम्मीला चालवत नाही ना, म्हणून.”

सगळं बिनचूक, न अडखळता, दहा आज्ञा म्हणून दाखवाव्यात तसं. तो तिच्याकडे क्षणभर बघत राहिला. मग त्याने बाईंचा हात सोडला, जवळ जाऊन पोरीच्या वेणीवरून हात फिरवला. “बघितलंत, बाई? माझी लेक खोटं बोलत नाही.” कडी काढून तो गेला. खिडकीतून मुलींना तो दिसला: पुढच्या फाटकातून बाहेर पडला, आवाराला वळसा घालून सिस्टरांच्या घराच्या कुंपणाला लागून चालत गेला, त्या आजाऱ्यांच्या खोलीच्या खिडकीखालून, आणि बसस्टँडकडे वळला.

पैकी तशीच उभी होती. मग तिला ओकारी झाली, बाकावर, वह्यांवर, सगळीकडे. बाईंनी एका हाताने तिला धरलं. दुसरा हात उचलतच नव्हता.

बसस्टँडवर तो तिकीटखिडकीच्या मागे बाक न् बाक शोधत फिरत होता, तेव्हा पोलिसांनी त्याला गाठलं. त्याने एका हवालदाराचं कोपर फोडलं. त्याला आडवा पाडायला तिघे लागले. पुढे चर्चमधले पुष्कळ जण म्हणाले की आम्हाला कल्पनाच नव्हती. आज्ञाबाईंनी मात्र असं कुणालाही सांगितलं नाही. कल्पना होती की. जूनपासून होती.

शनिवारी दुपारी बाई गळ्यात हात बांधून, सुजलेल्या तोंडाने इस्पितळात गेल्या. पैकीची आई खाटेवर उशांना टेकून होती, दोन्ही हात प्लास्टरमध्ये, छातीवर आडवे ठेवलेले. डावा हात सुधारेल, उजव्यात सुई धरता येईल असं वाटत नाही, डॉक्टर म्हणाले होते. मावशी औषधं आणायला खाली गेली होती. पैकी आईला चमच्याने पाणी पाजत होती, हनुवटीखाली रुमाल धरून.

बाई दोन दिवस घोकून आणलेलं सगळं विसरल्या. त्या खाटेच्या पायाशी उभ्या राहिल्या आणि पोरीलाच म्हणाल्या, “चूक तुझी नव्हती. मी तुला पाच गुण दिले, घरातलं मोठं लिही म्हणाले. आणि तुझ्या मम्मीचे हात मी आधी बघितले होते. बघून गप्प बसले. तुझ्यापेक्षा जास्त मला कळायला हवं होतं. मला माफ कर.”

पैकीने चमचा पेल्यात ठेवला. बाईंना त्या वेळी खरोखर वाटत होतं की ती हो म्हणेल. सव्वीस वर्षं ज्या मुली त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, त्या सगळ्या शेवटी हो म्हणाल्या होत्या. यंदा तर सहीही करून मोकळ्या झाल्या होत्या.

“नाही,” पैकी म्हणाली.

“अगं, बाई आहेत त्या,” आई खोल गेलेल्या आवाजात म्हणाली. “त्यांनी मार खाल्लाय आपल्यासाठी.”

“माहितेय मम्मी. मी बघितलंय.” पोरीचा आवाज चढला नाही. “पण मला माफ करायचं नाहीये. मी हो म्हटलं तर ते खोटं होईल.”

बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला त्यांनी चुकून बांधलेला हात उचलायचा प्रयत्न केला, आणि कळ मस्तकात गेली. पोरीला काहीतरी सांगावं, समजवावं, अशी जुनी सवय जिभेवर आली होती. ती त्यांनी गिळली.

“बरोबर आहे तुझं,” त्या म्हणाल्या.

पैकीने पेला उचलला आणि पुन्हा आईला पाणी पाजायला लागली. दाराशी एक स्टूल होतं. भेटायची वेळ संपेपर्यंत बाई त्यावर बसून राहिल्या, आणि त्यांना जा असं कुणी म्हटलं नाही.